मुळे गुरुजींच्या ऐवजी

११ ऑगस्ट १९९४, गुरुवार

आमच्या मधुराला ती शिकवते त्या शाळेत मिळालेली ही डायरी कोरीच पडली होती. आज उघडली, कारण घरात उलट बोलायला माणूस उरला नाही.

यांच्या घशातली गाठ परवा इंदूरला काढली. साधीच निघाली, महाकाळाची कृपा. पण डॉक्टरनं बजावलंय, आजपासून सहा आठवडे तोंडातून शब्द काढायचा नाही. मी विचारलं, हळू बोललं तर? म्हणे कुजबुजणं त्याहून वाईट. म्हणजे बावीस सप्टेंबरपर्यंत मौन, आणि नऊ सप्टेंबरला गणेशचतुर्थी!

त्या दिवशी यांची अकरा घरं असतात. पहाटे पाचला फटफटी काढतात ते दुपारी दोनला परत येतात. उज्जैनमध्ये मराठी घरं ढीगभर आणि पूजा सांगणारे गुरुजी बोटावर मोजण्याइतके, आणि सगळ्यांना गणपती बाराच्या आत बसवायचा असतो. मुळ्यांची ही यजमानकी तीन पिढ्यांची आहे. एक वर्ष दुसरा कुणी घरात शिरला की पुढल्या वर्षी तोच 'आमचे गुरुजी' होऊन बसतो. यांनी स्वतः चार घरं अशीच मिळवलीत, खोटं कशाला बोलू.

हे आता पाटीवर लिहितात. सकाळी लिहिलं, "चहात साखर कमी." सव्वीस वर्षांत तोंडानं इतकं स्पष्ट कधी सांगितलं नव्हतं.

१४ ऑगस्ट, रविवार

बदली गुरुजी शोधून शोधून मी थकले. इथले सगळे आधीच बांधलेले. देवासचे एक म्हणाले, पुतण्याला पाठवतो, पण तो पोथीत बघून वाचेल आणि मोठे शब्द गाळेल. असला पुतण्या मला नको.

येताना इथल्या देवास गेटच्या बाजारात कॅसेटच्या दुकानात 'संपूर्ण गणेशपूजा' दिसली. वर छापलंय, 'घरच्या घरी, गुरुजींशिवाय'. दुकानदार म्हणाला, "माताजी, इस साल सबसे ज़्यादा यही चल रही है." मी म्हटलं, "अच्छा? तो मोदक भी यही खाएगी?" तो हसला. मला हसू आलं नाही.

जेवताना मधुरा म्हणाली, "आई, तूच जा ना." मी म्हटलं, काहीतरी बरळू नकोस. पण ती सोडेना. म्हणाली, "बाबा कुठं अडकले की स्वयंपाकघरातून पुढची ओळ कोण सांगतं?"

खरं आहे ते. माझे वडील धारला पाठशाळा चालवायचे. मुलं ओसरीवर बसायची, मी आत तांदूळ निवडायची. नवव्या वर्षी मला पुरुषसूक्त पाठ होतं आणि वडिलांना ते तीन वर्षांनी कळलं, मी एका मुलाची चूक आतून ओरडून सुधारली तेव्हा. ते मला रागावले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तांदूळ निवडायची माझी जागा तेवढी दाराजवळ आणली.

यांच्याकडे बघितलं. यांनी पाटी घेतली, बराच वेळ खडू हातात धरून बसले, मग लिहिलं, "जयू सांगेल. मला शंका नाही." मी ताक आणायच्या निमित्तानं उठून आत गेले. डोळे पुसायला पदर पुरला नाही.

१७ ऑगस्ट, बुधवार

मधुरा शाळेतून फणफणत आली. त्या नव्या इंग्लिश मीडियममध्ये कुणा मिसेस तोमर बाळंतपणाला गेल्यात, त्यांच्या जागी हिला घेतलंय. आज टाइमटेबल लागलं. सगळ्यांची नावं, हिच्या रकान्यात नुसतं 'सब्स्टिट्यूट'. मुलं पण हिला 'सब-मिस' म्हणतात. "मी शिकवते ते पण सब्स्टिट्यूट असतं का गं?" म्हणाली. जानेवारीत तोमरबाई परत आल्या की हिला नमस्ते.

मी तिच्या जाड डिक्शनरीत बघितलं. बदली, ऐवजी, प्रतिनिधी असे तीन अर्थ दिलेत. बदली म्हटलं की मला कुणी गैरहजर राहील म्हणून गिरणीच्या फाटकावर उभे राहणारे लोक आठवतात. ऐवजी हा तर स्वतःच्या पायावर उभा राहणारा शब्दच नाही, मागे कुणाचं तरी नाव लागतंच. प्रतिनिधी त्यातल्या त्यात बरा.

आणि आपल्या पूजेत तर निम्म्या वस्तू अशा प्रतिनिधीच. सोन्याचे अलंकार नसले की अक्षता वाहायच्या. मूर्ती नसली की सुपारी मांडायची, आणि एकदा आवाहन केलं की ती सुपारी गणपतीच. तिला कुणी बदली गणपती म्हणत नाही. हे मी यांना मोठ्या ऐटीत सांगितलं. यांनी पाटीवर लिहिलं, "शास्त्र : द्रव्याला प्रतिनिधी चालतो. मंत्राला चालत नाही." म्हणजे काय, तर उच्चार चुकला तर खैर नाही. मौनातसुद्धा मास्तरकी सुटत नाही माणसाची.

२१ ऑगस्ट, रविवार. नारळी पौर्णिमा

आज पहिली पूजा सांगितली. आणि काय पराक्रम केला, लिहायलाच हवं.

बँकेतले सुहास आणि त्यांची बायको गौरी पुण्याहून बदलून आलेत, नव्या कॉलनीत घर घेतलं. सत्यनारायण होता. बिचारे सज्जन. मी नऊवारी नेसून, यांची पिशवी घेऊन गेले तर गौरी नुसती बघतच राहिली, मग म्हणाली, "पुण्यात आता बायका पूजा सांगतात, मी पाहिलंय." मला हायसं वाटलं. सुहासराव सोवळं नेसून बसले. मी सुरू केलं. आवाज असा लागला की माझा मलाच खरा वाटेना.

संकल्पात यजमानाचं गोत्र आणि नाव घ्यायचं असतं, आणि त्यानं ते आपल्यामागून म्हणायचं. आता घरात रोज सकाळी सव्वीस वर्षं मी यांचा एकच संकल्प ऐकलेला. मी ठणठणीत आवाजात म्हटलं, "भारद्वाजगोत्रोत्पन्नः श्रीधरशर्मा अहम्." आणि सुहासराव, बँकेतला आज्ञाधारक माणूस, हात जोडून म्हणाले, "श्रीधरशर्मा अहम्!"

माझ्या लक्षातच नाही. कलशपूजन झालं, नवग्रह झाले. मग कोपऱ्यातून एक म्हातारी बोलली, "अहो बाई, आमचा सुहास कधीपासून श्रीधर झाला?" ती सुहासरावांची आत्या. अख्ख्या पूजेचं पुण्य मुळ्यांच्या घरी चाललं होतं! पण मी डगमगले नाही. म्हटलं, संकल्प पुन्हा करायचा, पूजा पहिल्यापासून. तासभर उशीर झाला, शिरा गार झाला, पण पूजा चोख केली. निघताना आत्याबाई म्हणाल्या, "चूक केलीत, पण झाकली नाहीत."

घरी येऊन यांना सांगितलं. हे पोट धरून हसले, आवाज न काढता, खांदे गदागदा हलत होते. मग पाटीवर लिहिलं, "श्रीधरशर्मा आभारी आहे."

२५ ऑगस्ट, गुरुवार

दोन घरांनी निरोप पाठवला, यंदा दुसऱ्या गुरुजींना सांगितलंय. एका घरी सासूबाईंनी मला आडोशाला नेऊन महिन्याच्या अडचणीचा नको तो प्रश्न विचारला. उत्तर दिलं, आणि वर म्हटलं, "यांना कधी विचारलंत का, काल कुणाला शिवून आलात म्हणून?" ते घर मात्र राहिलं. फटकळपणाचा असाही उपयोग होतो.

संध्याकाळी भय्यासाहेब चिटणीस स्वतः आले. त्यांचे पणजोबा शिंद्यांच्या दफ्तरात होते, तेव्हापासूनचा त्यांचा गणपती, आणि यांच्या आजोबांपासून पूजा मुळ्यांची. सारा मराठी मोहल्ला त्यांच्याकडे बघून चालतो. वय अठ्ठ्याहत्तर, हात थरथरतात, पण जीभ नाही. यांच्या तबियतीची चौकशी केली. मग माझ्याकडे न बघता यांना म्हणाले, "वहिनींबद्दल आदर आहे. पण आमच्याकडे हे चालायचं नाही. सब्स्टिट्यूटच घ्यायचा तर मग कॅसेट काय वाईट? आणलीय मी. पुण्याच्या मोठ्या शास्त्र्यांचा आवाज आहे."

चहा पिऊन गेले. मी कप उचलला आणि मोरीत इतक्या जोरात ठेवला की दांडी निघाली. चिटणीस गेले म्हणजे पुढल्या वर्षी बाकीचे पण जातील. आणि कॅसेट! माझ्यापेक्षा कॅसेट! मी खूप रडले आज. कुणाला दिसू दिलं नाही असं लिहिणार होते, पण यांनी पाटी पुढं केली होती. "उद्यापासून रोज दोन तास तालीम."

२९ ऑगस्ट, सोमवार

तालीम चालू आहे. हे पाटावर बसतात, हातात पळी. उच्चार चुकला की पळी ताम्हनावर वाजते. आज सवारीच्या दिवशी सगळं शहर महाकाळाच्या पालखीला गेलं आणि मी प्राणप्रतिष्ठा घोकतेय. सुरुवातीला पळी चाळीसदा वाजली, आज चारदा. त्यातल्या दोन वेळा चूक त्यांची होती, माझी नाही. पोथी काढून दाखवली. यांनी पळी माझ्या हातात दिली.

१ सप्टेंबर, गुरुवार

इंदूरला तपासणी होती. मला एका घरी सत्यनारायण होता म्हणून मधुरा यांच्याबरोबर गेली. संध्याकाळी आले. मी दारातच विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? यांनी पाटीवर लिहिलं, "अजून तीन आठवडे." मधुरा लगेच आत गेली कचोऱ्या गरम करायला. कधी नाही ते. पोरगी थकली असणार, बसचा प्रवास.

मनातल्या मनात एक आशा होती की डॉक्टर म्हणेल, बोला आता. मग चतुर्थीला हेच गेले असते आणि माझी सुटका झाली असती. आणि खरं लिहू का? "अजून तीन आठवडे" वाचलं तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं. नवऱ्याच्या दुखण्यावर बरं वाटणारी बायको म्हणजे काय म्हणावं! देवापुढे नाक घासलं.

४ सप्टेंबर, रविवार

सकाळी न्हाणीघराकडून कुणी अथर्वशीर्ष म्हणत असल्यासारखं ऐकू आलं, अगदी दबक्या आवाजात. पडोसच्या यादवबाईंना सांगितलं, रेडिओ इतक्या पहाटे नका लावत जाऊ, यांना आराम पाहिजे. ती म्हणते, "दीदी, हमारा रेडियो तो होली से बंद पड़ा है." असं कसं? सरळ खोटं बोलते. मी पण तिला आज लिंबं दिली नाहीत.

यांची तबियत छान आहे. आवाज नाही म्हणून जरा जास्तच खुशीत दिसतात. मला काही ही माणसाची जात समजत नाही.

१० सप्टेंबर, शनिवार

काल लिहायला त्राण नव्हतं. आज सगळं लिहिते.

पहाटे पाचला निघाले. मधुराची लूना, मागे मी, मांडीवर पिशवी, नऊवारीचा काष्टा सांभाळत. आठ घरं राहिली होती. पहिल्या घरी आवाज जरा कापला. दुसऱ्यापासून नाही. तिसऱ्या घरी आजोबा म्हणाले, बाई, जरा सावकाश, कानाला गोड लागतंय. सातव्या घरी गोत्र बराबर घेतलं, आणि सगळेच हसले, कारण सुहासरावांची गोष्ट तोवर सगळ्या कॉलनीत फिरली होती. हसू दे. लोक हसतात ते आपल्या माणसाला.

आठव्या घरी आरती चालू असताना एक ऑटो येऊन थांबला. ऑटोवाल्याच्या हातात चिठ्ठी. भय्यासाहेबांची मोठी बहीण अक्का, त्यांचं अक्षर. "टेप पुढे गेला, भय्या मागे राहिला. गणपती तसाच आहे. ताबडतोब ये."

मधुरा म्हणाली, "नको जाऊस. कॅसेटला बोलवा म्हणावं." मला पण क्षणभर तसंच वाटलं. वाटलं म्हणजे काय, चांगलं घट्ट वाटलं. कपाची ती दांडी आठवली. पण तिकडे गणपती नुसताच पाटावर बसलेला, प्राणप्रतिष्ठा न झालेला. त्यात त्याचा काय अपराध? गेले.

भय्यासाहेब सोवळ्यात बसलेले, घामानं चिंब. समोर टेपरेकॉर्डर बंद. अक्कांनी सांगितलं, भय्या गणपतीला जानवं घालेपर्यंत त्या शास्त्रीबुवांचं धूप-दीप झालं, दिवा लावेपर्यंत नैवेद्य. मागे फिरवायला गेले तर बटणं चुकीची दाबली. दोनदा पहिल्यापासून सुरू केलं, दोनदा मागे राहिले. मुलं-सुना सगळे मान खाली घालून उभे. ताठ माणूस, पण माझ्याकडे बघेना.

मी बसले आणि आचमनापासून सुरुवात केली. भय्यासाहेबांचा हात थरथरत होता. पळीतलं पाणी सांडलं की मी थांबायची. पुन्हा पाणी घेतलं की पुढचा शब्द. प्राणप्रतिष्ठेला दूर्वेनं मूर्तीच्या डोळ्यांना तूप लावायचं असतं. त्यांची दूर्वा तीनदा खाली पडली. मी तीनदा तोच मंत्र म्हटला, तेवढ्याच शांतपणे, जणू तो तीनदाच म्हणायचा असतो. चौथ्यांदा लागलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि माझ्याही.

आरती झाली. त्यांनी आभार मानले नाहीत. म्हणाले, "तुमचे वडील कोण?" मी म्हटलं, धारचे गोपाळशास्त्री. ते म्हणाले, "ऐकलंय त्यांना. हे उच्चार त्यांचे आहेत." मग उठता उठता म्हणाले, "घटस्थापनेला सकाळी साडेसहा."

नऊ घरं झाली. मी लूनावर मागे बसून मोठमोठ्यानं अथर्वशीर्ष म्हणत घरी आले. देवास गेटचा सगळा बाजार वळून बघत होता. बघू दे!

हे दारातच उभे होते, पाटी न घेता. मी सगळं सांगितलं. "हे उच्चार त्यांचे आहेत" सांगितलं तेव्हा यांनी तोंड उघडलं, पटकन मिटलं आणि खोकल्याचं निमित्त केलं. मी ओरडले, घशाला जपा!

१९ सप्टेंबर, सोमवार

काल विसर्जन झालं, घर रिकामं झालं.

एक गोष्ट मनात घोळतेय. घटस्थापनेला साडेसहा, असं भय्यासाहेब म्हणाले, पण कुणाला? तोवर हे बोलायला लागणार. मुळे गुरुजी बरे झाले म्हणजे मी पुन्हा स्वयंपाकघरात, तोमरबाई आल्या की मधुरा घरी, तशी. नियम आहे तो. पण नऊ तारखेची सकाळ माझी होती की मी ती यांच्या ऐवजी नुसती सांभाळली? हे कुणाला विचारावं तेच कळत नाही. यांना विचारलं तर वाईट वाटेल.

२१ सप्टेंबर, बुधवार

उद्या इंदूरची शेवटची तपासणी, म्हणून यांची फाइल काढली. आत एक तारखेचा कागद सापडला. इंग्रजी माझं बेताचंच, पण 'व्हॉइस नॉर्मल' मला वाचता येतं. पुढं लिहिलं होतं 'मे रिझ्यूम'. मधुराला हाक मारली. म्हटलं, रिझ्यूम म्हणजे काय गं? ती कागदाकडे बघून पायाच्या अंगठ्याशी खेळायला लागली. मग म्हणाली, "पुन्हा सुरू करायला हरकत नाही, असं. आई, बाबांनी मला शपथ घातली होती."

एक तारखेपासून! वीस दिवस या माणसानं मला पाटीवर लिहून फसवलं. मी केळ्यांचा नैवेद्य काय दाखवला, ज्येष्ठमध काय उगाळला, यादवबाईला खोटारडी काय म्हटलं! तिच्याकडे आधी लिंबं घेऊन गेले, मग बाहेरच्या खोलीत. हे पाटीवर काहीतरी लिहीत होते. मी पाटी ओढून घेतली. म्हटलं, "बोला."

यांनी घसा साफ केला. आवाज जरा जाड झालाय, पण यांचाच. म्हणाले, "जयू, मी एकदा जरी बोललो असतो ना, तर त्या दिवशी एकाही घरानं तुला उंबरा ओलांडू दिला नसता. आणि मला तुझी पूजा व्हायला हवी होती." मग म्हणाले, "सकाळी भय्यासाहेबांचा माणूस येऊन गेला, तू बाजारात होतीस. नवरात्राच्या पूजेची सुपारी दिलीय. कुणाला म्हणून मी पाटीवर विचारलं. म्हणाला, जयूबाईंना."

मी भांडायला गेले होते. भांडले पण, चांगला अर्धा तास. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आता उत्तर देता येत असूनही. मग स्वयंपाकघरात येऊन पोळ्या लाटता लाटता हिशोब लागला आणि लाटणं खाली ठेवून इथं लिहायला बसले. एक तारखेपासून मुळे गुरुजींचा आवाज ठणठणीत होता. म्हणजे नऊ तारखेला, त्या नऊ घरी, मी कुणाच्या ऐवजी गेले नव्हते.